दोन नंबरचा फ्रायर

सांगली
८ जानेवारी २०२५

आदरणीय नाथाजी काका,

सोबतचा फॉर्म बघून दचकू नका. तो आमच्या अडतीसही दुकानांना गेला आहे. उंब्रजचं तुमचं दुकान यादीत सतरावं.

‘टपोरा फूड्स’ शेअर बाजारात उतरणार हे तुमच्या कानावर आलं असेलच. लोकांनी शेअर घेण्याआधी कंपनीनं त्यांना लिहून सांगायचं असतं की या धंद्यात काय काय बिघडू शकतं. त्या पुस्तिकेत एक अख्खं प्रकरण याचंच असतं, ‘जोखीम’ नावाचं. ते लिहायचं काम कंपनीचे मालक शिवतेज साहेब यांनी माझ्यावर सोपवलंय. अन्नपरवाना, तेलाची तपासणी, चिकनची गाडी किती थंड ठेवायची, हे नियम मला पाठ आहेत. पण पाटी आमची असली तरी दुकान तुमचं आहे. रोज सकाळी शटर वर केल्यावर तुम्हाला जे दिसतं ते मला इथे बसून दिसत नाही. म्हणून हा फॉर्म. पंचवीस तारखेपर्यंत पाठवा.

अम्मी म्हणाली, फोन करू नकोस, नाथाजी भावजींना पत्र लिही, ते पत्राला उत्तर देतातच. तुम्ही आणि अब्बा लष्कराच्या लंगरात एकत्र होता तेव्हापासूनची तिची ही खात्री आहे. अब्बांना जाऊन चार वर्षं झाली, तरी घरात तुमचं नाव निघालं की ती चहा टाकायला उठते.

काकूंना सलाम.

तुमची,
नौशीन मुल्ला


उंब्रज
१९ जानेवारी २०२५

चि. नौशीन,

फॉर्म भरला. पण तुज्या फॉर्मात रकाना दोन बोटांचा हाय, त्यात माझं अक्षर मावत न्हाई. म्हणून हे पत्र.

पहिली जोखीम रस्त्याची. हायवेचं काम चालू हाय. आज आमच्या दारात गाडी वळती, उद्या वळंल का ठाऊक न्हाई. दुसरी, लाईट. गेली की फ्रीजरमधलं चिकन कवापत्तुर चालवायचं हे ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवायचं. मी दोन तासांनी टाकून देतो. सगळेच देतील असं न्हाई. तिसरी, तुमचा मसाला. गेल्या खेपेला लय खारट आला व्हता.

चौथी गोष्ट नीट वाच. दोन नंबरच्या फ्रायरला खालून तेल काढायचा कॉक हाय, तो दिवाळीपासून गळतोय. थेंब थेंब. तळणीवर सुलाबाई असती, शिवड्याची. तिनंच पहिल्यांदा दाखवलं. मी तुमच्या टेक्निशियनला नोव्हेंबरात फोन केला, डिसेंबरात केला. येतो म्हणाला. बाहेरचा मिस्त्री लावू का म्हणून इचारलं तर म्हणाला, करार वाचा, कंपनीच्या मशीनला परका हात लागला तर जिम्मेदारी तुमची. म्हणून खाली स्टीलचं भगुनं ठेवलंय. पर तेल एकशे ऐंशी डिग्रीचं असतंय, पोरी. भगुनं हा काय विलाज न्हाई.

तुजा बाप असता तर त्यानं जाग्यावर कॉक बदलला असता आन वरून मला शिव्या दिल्या असत्या.

नूरजहां वहिनींना नमस्कार सांग.

नाथाजी घाडगे


सांगली
४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,

अडतीसपैकी एकतीस फॉर्म आले. तुमच्यासारखं पत्र एकाचंच. खूप उपयोग झाला.

पुस्तिकेचा मसुदा काल मंजुरीला गेला. एकशे बारा पानं. शेवटचा आठवडा आम्ही ऑफिसातच जेवत होतो. तुमचे मुद्दे सगळे घेतलेत. रस्त्याचा, विजेचा, मसाल्याचा. फ्रायरचाही घेतला. पुस्तिका इंग्रजीत आहे, म्हणून ते वाक्य तुमच्यासाठी मराठीत करून पाठवते: “दुकानांतील यंत्रसामग्रीत बिघाड झाल्यास काही ठिकाणी कामकाजात व्यत्यय येऊ शकतो.”

टेक्निकल विभागालाही तुमचं कळवते.

साहेब प्रकरणावर खूश आहेत. अम्मीला सांगितलं तर म्हणाली, काय बिघडेल याची यादी करायला पगार देतात होय?

तुमची,
नौशीन


उंब्रज
२ मार्च २०२५

चि. नौशीन,

तुजं वाक्य सुलाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आवं, येऊ शकतो म्हंजे काय? कॉक गळतोच की.” मी म्हणालो, बाजाराची भाषा अशीच असती.

टेक्निशियन अजून आला न्हाई. त्याऐवजी कंपनीचा तपासणीवाला आला, न सांगता. सगळं दुकान फिरला. फरशी बगितली, टोप्या बगितल्या, हातमोजे मोजले. फ्रायरखालचं भगुनं बगून म्हणाला, हे काय? मी सांगितलं. त्यानं लिवलं, “तळणीखाली अनधिकृत भांडे.” लाल शेरा. असे तीन शेरे झाले की कराराचा फेरविचार. कॉक गळतोय हे त्याच्या कागदावर कुठंच न्हाई, कारण त्याच्या यादीत कॉक हा शब्दच न्हाई म्हणं. मग मी भगुनं काढलं.

फ्रायर बंद ठेवू म्हटलं तर एका फ्रायरवर अख्खा मेनू निघत न्हाई, आन मेनू अपुरा दिसला तर तोबी लाल शेरा. तवा चालू ठेवलाय. तू कळवलं म्हणालीस, म्हंजे येईल माणूस. वाट बगतो.

नाथाजी घाडगे


टपोरा फूड्स, मुख्य कार्यालय, सांगली
२१ मार्च २०२५

प्रति,
श्री. नाथाजी घाडगे, फ्रँचायझीधारक, दुकान क्र. १७, उंब्रज

विषय: दि. १६ मार्च २०२५ रोजीच्या दुर्घटनेबाबत खुलासा.

महोदय,

उपरोक्त दिनांकी आपल्या दुकानात तळणी कर्मचारी श्रीमती सुलाबाई या गरम तेलाने भाजून जखमी झाल्याचे समजते. कराराच्या कलम चौदानुसार यंत्रसामग्रीच्या दैनंदिन देखभालीची जबाबदारी फ्रँचायझीधारकाची आहे. सोबत जोडलेल्या निवेदनावर स्वाक्षरी करून ते सात दिवसांत परत पाठवावे.

कळावे,
नौशीन मुल्ला
कंपनी सचिव


उंब्रज
२४ मार्च २०२५

नौशीन,

तुमचं पत्र मिळालं. खाली सही तुजी हाय, ती चारदा बगितली.

निवेदनात लिवलंय की फ्रायर सुस्थितीत व्हता, कंपनीला बिघाडाची कुठलीबी पूर्वसूचना नव्हती आन देखभालीत मी हयगय केली. ह्यावर मी सही करायची.

झालं ते सांगतो. सोळा तारखेला रविवार. दुपारी एकाच्या सुमाराला तीन लक्झरी दारात लागल्या, कुठलं तरी वऱ्हाड. मी काउंटरला बिलं करत व्हतो. आतनं सुलाबाईची हाक आली. हाक म्हंजे, तसा आवाज मी माणसाचा क्वचितच ऐकलाय. कॉक निघून पडला व्हता आन तेलाची धार तिच्या डाव्या पायावर. गुडघ्याखालचा पाय आन डावा हात. आत काम करणाऱ्या बयाबाईनं गॅस बंद केला, मी पाणी ओतलं. कराडला दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणतात, कातडी लावावी लागंल. तिची पोरगी राजेश्वरी दवाखान्यातच व्हती, मंगळवारी बारावीचा शेवटचा पेपर देऊन परत थेट तिथंच आली.

माझं जानेवारीचं पत्र तुज्याकडं हाय का? मी नक्कल ठेवली नव्हती. सिकंदरच्या पोरीला पत्र लिहिताना कोण नक्कल ठेवतंय?

नाथाजी घाडगे


सांगली
२९ मार्च २०२५

काका,

हे घरून, हातानं लिहिते आहे. ऑफिसच्या फोनवर हे बोलता येणार नाही.

निवेदनावर सही करू नका.

तुमचं पत्र माझ्याकडे आहे. आवक नोंदीचा शिक्का आणि तारखेसकट. झेरॉक्स सोबत जोडली आहे, मूळ प्रत मी जपून ठेवली आहे.

आता जे सांगायचं ते. “टेक्निकलला कळवते” असं मी तुम्हाला लिहिलं होतं. कळवलं नाही. तुमचा फ्रायरचा परिच्छेद मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचून मला काळजी वाटली. दुसऱ्यांदा वाचताना तो मसुद्यात कसा बसवायचा एवढंच डोक्यात होतं. साहेब म्हणाले होते, प्रकरण पूर्ण हवं, पण वाचणारा घाबरायला नको. मग मी उंब्रज काढलं, कॉक काढला, दिवाळी काढली, तेलाचं तापमान काढलं. उरलं ते वाक्य तुम्हाला मोठ्या अभिमानानं पाठवलं. मुद्दा घेतला म्हणजे काम झालं, असं मला खरंच वाटलं होतं. तुमचं मार्चचं पत्र आलं तेव्हा आज कळवू, उद्या कळवू करत होते. दोन आठवडे गेले.

२१ तारखेचं पत्र वकिलांनी तयार केलेलं होतं. सही माझी आहे. त्यांनी विचारलं, पूर्वसूचना काही होती का? मी म्हणाले, फाईल बघते. फाईल माझ्या टेबलावरच होती.

सोमवारी साहेबांना सांगणार आहे. अम्मीला काल सांगितलं. ती जेवली नाही.

नौशीन


उंब्रज
५ एप्रिल २०२५

चि. नौशीन,

तुजं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो.

तू खरं लिवलंस, तवा मलाबी लिवणं भाग हाय. मागच्या पत्रात मी खोटं बोललो. मी काउंटरला नव्हतो. मी तिच्याजवळ, फ्रायरपाशीच उभा व्हतो.

भगुनं काढल्यापासून गळती वाढली व्हती. मी सुलाबाईला पाना आणून दिला. म्हणालो, रोज सकाळी तेल गार असताना आवळत जा. दोन आठवडे ती आवळत व्हती. त्या दिवशी गाड्या लागल्या आन कॉकातनं बारीक धारच सुरू झाली. ती म्हणाली, “आवं, बंद करू या आता. मला भ्या वाटतंय.” मी बाहेर बगितलं, शंभर माणूस उभं. म्हणालो, “एवढी गर्दी जाऊ दे, एक आटा आवळ.” तिनं माज्याकडं बगितलं आन खाली वाकली. आटे झिजलेले. पाना फिरवला आन कॉक हातात आला.

तेवीस वर्षं लंगरात काढली मी. तापलेल्या तेलाच्या भांड्याला पाना लावायचा नसतो, हे मी रंगरुटांना शिकवत व्हतो.

कामगार खात्याच्या साहेबांपुढं बुधवारी जबाब हाय. तिथं हे सगळं सांगणार. तुजी झेरॉक्स देणार आन माझा पानाबी देणार. शिवतेज साहेबांना काय करायचं ते करू दे.

घरात अजून सांगितलं न्हाई. हे पत्र पेटीत टाकलं की सांगतो.

नाथाजी काका


सांगली
३० एप्रिल २०२५

आदरणीय काका,

तुम्ही अधिकाऱ्यांपुढे काय बोललात ते मला कळलं. त्यांनी कंपनीलाही बोलावलं होतं. इकडचं सांगते.

ठरल्या सोमवारी साहेब बाहेरगावी होते, म्हणून पुढच्या सोमवारी, सात तारखेला, तुमचं पत्र घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी पूर्ण वाचलं.

“हे तुला जानेवारीत आलं?”

“हो.”

“आणि मार्चमध्ये तू वकिलांना सांगितलंस, फाईल बघते?”

“हो सर.”

“कुणी सांगितलं होतं लपवायला? मी सांगितलं होतं?”

“नाही.”

त्यांनी पत्राची घडी करून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, “आई पहिल्या गाड्यावर तळायची तेव्हा कढई कलंडली होती. तिचा हात अजून वळत नाही नीट.” मला वाटलं ते विरघळले. पण लगेच म्हणाले, “हे बाहेर न काढता काही करता येईल का ते वकिलांना विचार.” मी म्हणाले, बुधवारी उंब्रजला जबाब आहे, झेरॉक्स तिथे पोचली आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. अशा नजरेनं त्यांनी याआधी कधी बघितलं नव्हतं.

बाहेर निघालंच, मग सगळं झपाट्यानं झालं. मसुदा मागे घेतला. शेअर बाजाराचं आता एक वर्ष तरी नाव नाही. अडतीस दुकानांतल्या फ्रायरचे कॉक आठ दिवसांत तपासले, सात ठिकाणी गळती निघाली. सातही बदलले. सुलाबाईंचा सगळा उपचार कंपनीनं अंगावर घेतला. वकिलांनी सांगितलं म्हणून घेतला की साहेबांच्या मनातून, हे मला ठरवता येत नाही. तुमचा करार रद्द होणार नाही, पण खात्याचा निकाल लागेपर्यंत दुकान बंद राहील.

मला सचिवपदावरून हलवलंय. जोखमीचं प्रकरण आता पुण्याचे कोणी सल्लागार लिहितील. मला ‘दुकान सुरक्षा’ म्हणून एक नवं टेबल दिलंय, जिन्याखाली. ऑफिसात लोक माझ्याशी जपून बोलतात.

पुढच्या आठवड्यात अम्मीला घेऊन शिवड्याला जाणार आहे. सुलाबाईंपुढे काय बोलायचं ते सुचत नाही.

नौशीन


शिवडे
१८ मे २०२५

नौशीन मॅडमना शिवड्याहून सुलाबाईचा नमस्कार.

मी राजेश्वरी लिहिते आहे. आई सांगते तसंच लिहिते.

तुमी आन तुमची आई येऊन गेला, बरं वाटलं. तुमी रडलात तवा मला अवघडल्यागत झालं. माझ्या पायावर पट्टी आन मीच तुमाला पाणी देती. तुमच्या आईनं माझी पट्टी बदलली, तवा तिच्या हाताला लय कळतं असं वाटलं.

पाय बरा हाय. कातडी ताणती. खाली बसाय येत न्हाई. काठी घेऊन दारापत्तुर जाती.

नाथाजी आण्णा आधीच येऊन गेलं व्हतं. माझ्यापुढं टोपी काढून बसलं. म्हणालं, सुलाबाई, चूक माझी. तुमी आलात, तुमी म्हणालात, चूक माझी. मी दोघांचंबी ऐकून घेतलं. आता माझं ऐका.

मला दिवाळीपासून ठाऊक व्हतं. कॉक आज ना उद्या जाणार हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण रोज मी त्याच्यासमोर उभी. मी न्हाई म्हणाली असती तर आण्णांनी जबरदस्ती केली नसती. पर मग त्या जाग्यावर बयाबाई उभी राहिली असती, आन तिला कॉक कुठला हे पण म्हाईत न्हाई. म्हणून मी उभी राहिली. हे मला कुणीच इचारलं न्हाई. खात्याच्या साहेबांनीबी न्हाई. त्यांनी इचारलं, पाना कुणी दिला.

तुमाला चांगलं वाटावं म्हणून सांगत न्हाई. आण्णांना मी माफ केलंय का, हे मलाच ठाऊक न्हाई. तुमालाबी न्हाई. पाय दुखला की राग येतोय, थांबला की जातोय.

दुसरं काम हाय, त्यासाठी पत्र. तुमी म्हणालात, अडतीस दुकानं तपासली. कॉक तपासलं असतील. दोन वर्षांमागं मला पंधरा दिवस कराडच्या दुकानात शिकाय धाडलं व्हतं. तिथं तळणीच्या मागं एक दार हाय. ते बाहेरनं कडी लावून बंद ठेवत्यात, माल बाहेर जाऊ नये म्हणून. आत सहा बाया असत्यात आन चार फ्रायर. पुढनं जायाला एकच बोळ, तोबी तेलाच्या डब्यांनी भरलेला. आमी तवा आपसात बोलत व्हतो, आग लागली तर काय? मॅनेजर म्हणायचा, लागत न्हाई.

ते दार बगा. आधी बगा, मग लिवा.

(आईचं संपलं. मॅडम, मला नर्सिंगला जायचं आहे, आई नको म्हणते. पुढच्या वेळी तुमच्या आईंना सांगा तिला समजवायला. राजेश्वरी.)


कराड
२२ मे २०२५

सुलाबाई मावशी,

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं. दुपारच्या गाडीनं कराडला आले. हे पत्र त्या दुकानाच्या मागच्या दारात, पालथ्या क्रेटवर बसून लिहिते आहे.

दार बाहेरून बंदच होतं. कडीला कुलूपही होतं. मॅनेजर म्हणाले, साहेबांचं लेखी पत्र आणा. मी म्हणाले, पत्र नंतर येईल, आधी किल्ली द्या. म्हणाले, किल्ली मालकाकडे, मालक लग्नाला गेलेत. आतल्या सहाही बाया काम थांबवून बघत होत्या. मी बाहेरून वळसा घालून आले, शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं आणि कुलूप कापायला सांगितलं. मॅनेजरनी तेवढ्यात सांगलीला फोन लावला. साहेबांनी मला फोनवर घेतलं. म्हणाले, “कुणाला विचारून कापतेस?”

मी म्हणाले, “इथं काम केलेल्या बाईला विचारून.”

ते म्हणाले, “काप.”

कुलूप कापलं. मग मी कडीसुद्धा काढायला सांगितली. एक स्क्रू गंजलेला होता, त्याला वेळ लागला. कडी निघाल्यावर आतून एकीनं दार ढकललं. ते उघडलं, आणि त्या सगळ्याजणी एकेक करून बाहेर आल्या, मागच्या बोळात दोन मिनिटं वाऱ्याला उभ्या राहिल्या, आणि परत आत गेल्या.

आतून उघडणारा अडसर बसवायला सुतार पाचला येणार आहे. तोपर्यंत मी इथेच बसले आहे.

नौशीन